मुकुटबनचे कागद व पदवीधरांचीं बिऱ्हाडें

मुकुटबन हें गांव यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागांत, वणीच्या दक्षिणेस, पैनगंगेच्या अलीकडील मुलुखांत आहे. पूर्वीं तें वणी तालुक्यांत मोडत असे. हल्लीं झरी-जामणी तालुक्यांत आहे. माजरीहून आदिलाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याचें स्टेशन आहे, भोंवतालीं दगडी कोळसा व चुनखडी आहे, आणि इ. स. २०२२ सालीं तेथें सिमेंटचा एक मोठा कारखाना सुरू झाला आहे. साधनांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस हें नांव विशेष परिचयाचें नाहीं. तेंच येथें घेण्याचें कारण असें कीं, ज्याच्या नांवाशीं मोठा सरदार किंवा प्रसिद्ध मठ जोडलेला नाहीं अशा गांवावरून सामान्य घराण्यांच्या कागदांची वाट कशी लागते हें जितकें स्पष्ट दिसतें, तितकें मोठ्या संस्थानांवरून दिसत नाहीं.

जुने कागद शोधावयास निघालेला संशोधक गांवांत शिरतांच पहिला प्रश्न विचारतो तो वतनाचा. देशमुखी कोणाची, पाटिलकी कोणाची, कुळकर्ण व जोशीपण कोणत्या घरीं, हें तो टिपून घेतो आणि त्या वाड्याचा रस्ता धरतो. हा प्रश्न चुकीचा नाहीं, परंतु अपुरा आहे. वतन कोणाचें होतें यावरून कागद कोणीं लिहिले व कोणीं राखले हें कळतें. ते आज कोठें आहेत हें कळत नाहीं. त्यासाठीं दुसरा एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो पुष्कळांस ऐतिहासिक वाटतच नाहीं. तो असा कीं, या घरांतला पहिला पदवीधर कोणत्या कॉलेजांत शिकला? मनुष्य जेथें शिकतो तेथें, किंवा त्या शिक्षणानें जी वाट उघडते त्या वाटेवर, त्याचें पुढील बिऱ्हाड पडतें. आणि बिऱ्हाडामागून, कधीं एका पिढीनें तर कधीं दोन पिढ्यांनीं, रुमाल जातात. अथवा जात नाहींत, आणि मग ते माळ्यावर कुजतात. वणीकडील मुलुखास हें विधान कितपत लागू पडतें तें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

विद्येच्या स्थानामागें घर जातें ही गोष्ट इंग्रजी कॉलेजांनीं प्रथम घडविली असें नाहीं. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धांत काशीस जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म इ. स. १५१३) हे त्रिस्थलीसेतूचे कर्ते, काशीविश्वेश्वराच्या देवालयाच्या पुनर्निर्मितीशीं त्यांचें नांव निगडित आहे. याच वंशांत कमलाकरभट्टांनीं १६१२ सालीं निर्णयसिंधु पुरा केला, आणि याच वंशांतील गागाभट्टांनीं १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेकाचा विधि चालविला. घराणें मूळचें गोदावरीकांठचें. पण महाराष्ट्रांतल्या त्या समारंभास त्यांस बोलवावयाचें तर काशीहून बोलवावें लागलें. कवींद्राचार्य सरस्वतीहि मूळचे गोदातीराकडीलच. त्यांच्या काशींतील ग्रंथसंग्रहाची यादी १९२१ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत प्रसिद्ध झाली. ती ज्यांनीं चाळली असेल त्यांस दक्षिणेंतल्या विद्वानाचें ग्रंथभांडार उत्तरेस कसें उभें राहिलें हें निराळें सांगणें नलगे. शिकावयास गेलेला शिष्य तेथेंच शिकवूं लागतो, त्याच्याभोंवतीं त्याच्याच प्रांतांतले दुसरे शिष्य जमतात, सोयरीक तेथेंच होते, आणि तिसऱ्या पिढीस मूळ गांव संकल्पांत उच्चारण्यापुरतें उरतें. राजाज्ञेनें यांतलें कांहींच घडलें नाहीं. महानुभाव पंथांतहि हाच प्रकार दिसतो. रिद्धपुराभोंवतीं वाढलेल्या मराठी पोथ्या पंथाच्या शिष्यशाखांबरोबर पंजाबापर्यंत गेल्या, आणि तेथें त्या वाचावयास मराठी जाणणारे महंत राहिले म्हणून टिकल्या.

आतां वणीकडे वळूं. इ. स. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धा नदीच्या पश्चिमेकडील नागपूरकर भोसल्यांचा अंमल संपला व हा मुलूख निजामाच्या पदरीं पडला. १८५३ सालीं तो वऱ्हाडाबरोबर इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. पुढें या भागाच्या जिल्ह्यास वणी जिल्हा असेंच नांव होतें, मुख्य ठाणें मात्र यवतमाळास. १९०५ सालीं जिल्ह्याचें नांवहि यवतमाळ झालें. सरकारी कागदांची जागा राज्यकर्त्यांच्या जागेवरून ठरते, म्हणून या मुलुखाचे दरबारी कागद नागपूर व हैदराबाद येथील दप्तरांत धुंडाळावे लागतात. घरगुती कागदांचा नियम निराळा आहे, आणि त्याच्याकडे आजवर आम्हां संशोधकांचें दुर्लक्ष झालें आहे.

१८५७ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं. वऱ्हाडांत मात्र १९२३ सालीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघेपर्यंत एकहि कॉलेज नव्हतें. म्हणजे इंग्रजी कारभाराच्या आरंभापासून धरलें तर पुरीं ७० वर्षें, ज्या वऱ्हाडी मुलास पदवी हवी होती त्यास प्रांताची शीव ओलांडण्यावांचून गत्यंतर नव्हतें. शीव कोणत्या बाजूनें ओलांडावयाची हें बहुधा जन्मगांवावरून ठरे. पश्चिमेकडील बुलढाणें-अकोल्याच्या मुलास मुंबईची गाडी सोयीची. वणीच्या मुलास नागपूर जवळ. नागपुरास १८८३ सालीं हिस्लॉप कॉलेज व १८८५ सालीं मॉरिस कॉलेज निघालें होतें, आणि वरोऱ्यापर्यंत रेल्वे १८८० पूर्वींच आली होती. बैलगाडीनें वर्धा नदी ओलांडली कीं पुढचा प्रवास आगगाडीचा. नागपूरचीं हीं कॉलेजें प्रथम कलकत्ता विद्यापीठास जोडलेलीं, नंतर १९०४ च्या सुमारास अलाहाबादेस, आणि १९२३ सालीं नागपुरासच विद्यापीठ झाल्यावर त्यास. येणेंप्रमाणें वऱ्हाड हा एक प्रांत असूनहि त्याचे शिकलेले लोक दोन तोंडांनीं बाहेर पडले. पश्चिमेकडच्या पदवीधराच्या कागदांत मुंबई-पुण्याच्या मित्रांचीं पत्रें सांपडावीं आणि वणीकडच्याच्या कागदांत नागपूरचीं, ही अपेक्षा यावरून सहजच उत्पन्न होते.

वणीचें सर्वांत ठळक उदाहरण लोकनायक माधव श्रीहरि अणे यांचें. त्यांचा जन्म वणीस २९ ऑगस्ट १८८० रोजीं झाला. शिक्षण नागपुरास मॉरिस कॉलेजांत. नंतर कांहीं वर्षें अमरावतीस शिक्षकाचें काम. कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी. आणि १९०८ पासून यवतमाळास वकिली. १९३० सालीं पुसदचा जंगल सत्याग्रह, १९४१ ते १९४३ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचें सभासदत्व, त्यानंतर सिलोनांतील वकालत, १९४८ पासून बिहारचें राज्यपालपद, हें पुढील चरित्र सर्वश्रुत आहे व तें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. १९६८ सालीं ते निवर्तले. त्यांच्या तिलकयशोऽर्णव या संस्कृत काव्यास १९७३ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मरणोत्तर मिळालें. आम्हांस या चरित्रांतली एकच गोष्ट घ्यावयाची आहे. वणीस जन्मलेला व नागपुरास शिकलेला हा पुरुष परत आला खरा, पण वणीस नव्हे, यवतमाळास. वकिलाचें घर कचेरीजवळ पडतें, आणि वकील होण्यास कॉलेज लागतें. म्हणून कॉलेजानें त्यांस नागपुरास ठेवून घेतलें नाहीं तरी जन्मगांवींहि राहूं दिलें नाहीं.

हाच प्रकार जिल्ह्यांत व प्रांतांत जिकडे तिकडे दिसतो. पंजाबराव देशमुख १८९८ सालीं अमरावती जिल्ह्यांतील पापळ येथें जन्मले, पुण्यास व पुढें विलायतेस शिकले, आणि परतले ते अमरावतीस. १९३२ सालीं तेथेंच त्यांनीं शिवाजी शिक्षणसंस्था काढली. वसंतराव नाईक १९१३ सालीं पुसदाजवळील गहुली येथें जन्मले, नागपुरास मॉरिस कॉलेजांत शिकले, अमरावतीस पंजाबरावांच्या हाताखालीं वकिली शिकले आणि पुसदास येऊन वकिली करूं लागले. विष्णु भिकाजी कोलते १९०८ सालीं बुलढाणें जिल्ह्यांतील नरवेल येथें जन्मले, आणि त्यांचें आयुष्य नागपूर विद्यापीठांत, शेवटीं त्याच्या कुलगुरुपदावर, व्यतीत झालें. चौघांच्या जाती निराळ्या, घरची स्थिति निराळी, राजकारण तर अगदींच निराळें. परंतु वणी, पापळ, गहुली वा नरवेल येथें कायमचें बिऱ्हाड करून राहावयास चौघांपैकीं एकहि परतला नाहीं. यांत त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. गांवांत राहून त्यांनीं काय केलें असतें हा प्रश्न विचारण्यासारखाहि नाहीं.

यावर एक आक्षेप येईल. रघुनाथ नरसिंह मुधोळकर १८५७ सालीं धुळ्यास जन्मले, मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकले, आणि राहिले मात्र अकोल्यास व नंतर अमरावतीस. गणेश श्रीकृष्ण खापर्डेहि एल्फिन्स्टनचेच पदवीधर व अमरावतीचे वकील. मग कॉलेजाचें गांव मनुष्यास धरून ठेवतें हें विधान कोठें राहिलें? आक्षेप खरा आहे, आणि त्यानें आमचें विधान थोडें दुरुस्त करावें लागतें. मुंबईस पदवीधरांची दाटी. वऱ्हाडांत कापसाचा पैसा, नवीं न्यायालयें व पदवीधर थोडे. म्हणून तेथल्या पदवीचें मोल येथें अधिक आलें. कॉलेज मनुष्यास दोन प्रकारें हलवितें: एक तर स्वतःपाशीं ठेवून घेतें, नाहीं तर आपल्या पदवीचें जेथें मोल आहे तेथें धाडतें. पहिल्या पिढींत, पदवीधर दुर्मिळ असतां, दुसरा प्रकार अधिक. पुढें पदवीधर बहुत झाले, प्राध्यापकाची, सचिवालयाची, बॅंकेची नोकरी कॉलेजाच्याच शहरीं मिळूं लागली, तेव्हां पहिला प्रकार वाढला. दोहोंतहि जन्मगांव सुटतेंच.

ज्या घरांतून मुलें प्रथम कॉलेजांत गेलीं तीं बहुतेक लेखणीवर जगणारीं घरें होतीं, आणि जुने कागद होते तेहि त्यांच्याच घरीं. इंग्रजी अमलांत देशमुख-देशपांड्यांचें वसुलीचें काम उरलें नाहीं, मोडी जमाबंदीचें महत्त्व कमी झालें. लेखणी चालवून पोट भरावयाचें तर इंग्रजी लेखणी हवी, आणि ती नागपुरास मिळे. म्हणून कागद राखणारा व कागद सोडून जाणारा एकच. धाकटा भाऊ शेतीसाठीं मागें राहिला. त्यास मोडी वाचण्याची हौस नव्हती किंवा गरज नव्हती. थोरल्यानें जातांना काय नेलें? आमच्या अनुभवास येतें तें असें: पहिल्या खेपेस तो कांहींच नेत नाहीं, कारण खाणावळींत किंवा वसतिगृहाच्या खोलींत पेटी ठेवावयास जागा नसते. घर मांडल्यावर तो देव नेतो, पूजेच्या पोथ्या नेतो, जन्मपत्रिका नेतो. वाटणीचा तंटा कोर्टांत गेला कीं जमिनीचे कागद नेतो, आणि ते वकिलाच्या बस्त्यांत किंवा निकालपत्राच्या बाडांत जाऊन पडतात. जमाखर्चाच्या वह्या, कौल, कर्जरोखे, लग्नाच्या खर्चाच्या याद्या, बाजाराच्या चिठ्ठ्या, म्हणजे इतिहासास ज्यांची आज सर्वांत गरज आहे ते कागद, त्यांस कोणीच नेत नाहीं. तेव्हां एकाच घराण्याचें दप्तर तीन ठिकाणीं विभागतें: पोथ्या कॉलेजाच्या गांवीं, जमिनीचे कागद जिल्ह्याच्या ठाणीं, आणि बाकीचें माळ्यावर. संशोधक यांपैकीं एकच ठिकाण पाहून "दप्तर अपुरें आहे" असा शेरा मारतो. दप्तर अपुरें नसतें; तें फांकलेलें असतें.

येथें विद्वानांच्या स्वतःच्या बिऱ्हाडांचाहि विचार केला पाहिजे, कारण कागदांचें नशीब त्यांच्याशीं बांधलेलें आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी कोंकणांतले. कुवळें गांवीं १८९३ सालीं जन्म, कोल्हापूर व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिक्षण. १९१९ सालीं ते नागपुरास मॉरिस कॉलेजांत संस्कृतचे अध्यापक झाले आणि १९८५ सालीं नागपुरासच निवर्तले. वाकाटकांचे कोरीव लेख १९६३ सालीं त्यांच्या हातून एकत्र प्रसिद्ध झाले याचें कारण शोधूं गेल्यास मॉरिस कॉलेजाच्या त्या नेमणुकेपाशीं येऊन थांबावें लागेल. यवतमाळास यशवंत खुशाल देशपांडे यांनीं शारदाश्रम चालविला, १९२५ सालीं महानुभावीय मराठी वाङ्मय हा ग्रंथ लिहिला, आणि वाशीमचा विंध्यशक्तीचा ताम्रपट महाजन यांच्यासह १९३९ सालीं विद्वानांपुढें मांडला. जिल्ह्याच्या ठाणीं असा एक मनुष्य राहत असल्यानें भोंवतालच्या साठ कोसांतले कागद कोठें न्यावे हें लोकांस ठाऊक असे. असा मनुष्य ज्या ठाणीं नसेल तेथील कागद नागपूर-पुण्याच्या वाटेस लागतात किंवा रद्दींत जातात.

उलट बाजूचें उदाहरणहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. वासुदेवशास्त्री खरे यांचें शिक्षण जुन्या पद्धतीचें, विद्यापीठाची पदवी त्यांस नव्हती. मिरजेच्या शाळेंत ते शिकवीत राहिले, पटवर्धनांचे कागद त्यांच्या हातीं आले, आणि १८९७ पासून ऐतिहासिक लेखसंग्रह निघूं लागला. कॉलेजाच्या गांवीं न गेलेला मनुष्य कागदांपाशीं राहिला. हा योगायोग म्हणून सोडून द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं. त्याचबरोबर एका उदाहरणावर सिद्धांतहि उभारतां येत नाहीं. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे तर कोणत्याच नियमांत बसत नाहींत. डेक्कन कॉलेजाचे पदवीधर, १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ काढणारे, परंतु १९२६ च्या अखेरीस धुळ्यास वारले, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ व संग्रह धुळ्यासच उभा राहिला. असो. राजवाड्यांस नियम लावण्याच्या भानगडींत कोणीं पडूं नये हें उत्तम.

कॉलेजाची जागा व राहण्याची जागा यांचा संबंध राजकारणी पुरुषांनीं मात्र संशोधकांच्या आधीं ओळखला होता. १९५३ च्या नागपूर करारांत विधिमंडळाचें एक अधिवेशन नागपुरास भरविण्याच्या कलमाबरोबरच धंदेशिक्षणाच्या व शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांत प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणांत मिळावा असें कलम घातलें आहे, आणि सरकारी नोकऱ्यांचेंहि. १९५६ सालीं राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमांत तांत्रिक शिक्षणाच्या सोयी व नोकरीची संधि हीं दोन्ही एकाच वाक्यांत आलीं. करार करणारांस पक्कें माहीत होतें कीं, मुलगा पुण्यास शिकला तर तो पुण्याचाच होईल. वैद्यकीय प्रवेशांत विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे भाग पाडून ७० टक्के जागा त्या त्या भागांतल्या मुलांस ठेवण्याचा जो नियम होता, त्याच्या बुडाशींहि हीच समजूत होती. २०२० सालीं तो रद्द झाला. त्याचे परिणाम पुढील पिढीचे संग्राहक पाहतील.

मुकुटबनच्या बाबतींत या सीमांचा खेळ मोठा चमत्कारिक झाला आहे. १९२३ पासून ६० वर्षें येथला विद्यार्थी नागपूर विद्यापीठाचा. १९८३ सालीं अमरावतीस निराळें विद्यापीठ झालें, यवतमाळ जिल्हा त्याकडे गेला, आणि वणी-मुकुटबनच्या मुलाचें तोंड एकाएकीं पश्चिमेस वळलें. वर्धा नदीच्या पलीकडचें वरोरें नागपुराकडेच राहिलें. २०११ सालीं गडचिरोलीस गोंडवाना विद्यापीठ झाल्यावर तें तिकडे गेलें. वणीस चंद्रपूर यवतमाळाहून जवळ, व्यवहार व सोयरसंबंध नदीच्या दोन्ही कांठांवर; परंतु एका कांठाचा पदवीधर अमरावतीचा आणि दुसऱ्या कांठाचा गडचिरोलीचा. पन्नास वर्षांनीं कोणी या मुलुखाच्या घरगुती कागदांची यादी करूं लागला तर त्यास हीं सालें जवळ ठेवावीं लागतील, जशीं आज आम्हांस १८०३ व १८५३ हीं सालें ठेवावीं लागतात. शिवाय आज विद्यापीठ कोणतेंहि असो, नोकरीच्या शोधांत पुण्यास जाणारे पुष्कळ. कारखाना मुकुटबनास येतो आणि मुकुटबनचा पदवीधर पुण्यास जातो हें दृश्य नवीन व विचित्र आहे.

गांवाजवळ कॉलेज आलें तर काय होतें याचेंहि उदाहरण वणीसच आहे. वणीस लोकमान्य टिळक महाविद्यालय निघालें, आणि अचलपुरास १९३१ सालीं जन्मलेले राम शेवाळकर तेथें प्राचार्य होऊन दीर्घ काळ राहिले. १९९४ च्या पणजी येथील साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झालेला हा वक्ता वणीचा म्हणून महाराष्ट्रास ठाऊक झाला. ज्या गांवानें अण्यांसारखा पुत्र बाहेर धाडला त्याच गांवास कॉलेज होतांच बाहेरचा विद्वान येऊन राहिला. पुढें शेवाळकरहि नागपुरास गेले व २००९ सालीं तेथेंच वारले हेंहि सांगितलें पाहिजे. परंतु मधल्या काळांत वणीच्या मुलास पदवीसाठीं घर सोडावें लागलें नाहीं, आणि आमच्या दृष्टीनें महत्त्व त्याचें आहे: ज्या घरांतला पहिला पदवीधर घरीं राहून शिकला त्या घरचें दप्तर एक पिढी अधिक टिकण्याचा संभव आहे. या तालुक्यांत शोध करणारानें अशीं घरें आधीं गांठावीं. २०२३ सालीं रिद्धपूर येथील मराठी भाषा विद्यापीठाचा कायदा झाला आहे. पोथ्यांच्या गांवीं विद्यापीठ नेण्याचा हा प्रयत्न नीट चालला तर महानुभाव पोथ्यांच्या संग्राहकांस त्याचा उपयोग होईल.

शेवटीं एका गोष्टीविषयीं लिहिल्यावांचून राहवत नाहीं. झरी-जामणीचा मुलूख केवळ वतनदारांचा नव्हे; तो गोंड व कोलाम लोकांचाहि आहे. त्यांचा इतिहास रुमालांत बांधलेला नाहीं. गोंडांच्या कुळकथा परधान किंगरीवर गाऊन सांगत. दप्तर म्हणावयाचें तें त्याच्या कंठांत. ब्राह्मणाचा मुलगा कॉलेजास गेला तेव्हां कागद निदान माळ्यावर राहिले. परधानाचा मुलगा आश्रमशाळेंतून कॉलेजांत व तेथून शहरांत गेला कीं मागें कांहींच राहत नाहीं. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादेंतील गोंडांविषयीं क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनीं निजामाच्या काळीं पुष्कळ लिहून घेतलें. त्यांचा राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ सालीं निघाला. पुढें ते लंडनच्या प्राच्य व आफ्रिकी विद्यांच्या महाविद्यालयांत प्राध्यापक झाले, आणि त्यांचीं टिपणें, चित्रें व चित्रपट्ट्या आज तेथेंच आहेत. नदीपलीकडच्या कथांचें दप्तर लंडनास, कारण लिहून घेणारा तेथें शिकवावयास गेला. आणि अलीकडच्या, मुकुटबनकडच्या कथांसाठीं त्या तोडीचें काम झालेलें आमच्या पाहण्यांत नाहीं. कागदांच्या संग्राहकांनीं हें आपलें काम नव्हे असें म्हणूं नये. गाणारे म्हातारे आहेत, आणि त्यांचे नातू यवतमाळ, अमरावती, नागपूर येथील वसतिगृहांत आहेत. त्यांच्यापैकींच एखाद्यास सुटींत हें काम सांगितलें तर आमच्यापेक्षां तो तें चांगलें करील.

घरगुती कागदांच्या बाबतींत असा प्रकार आतां नेहमींचा झाला आहे कीं, गांवचें घर विकावयास काढलें म्हणजे पुण्यास राहणारा नातू दूरध्वनीवर विचारतो, "मोडींतले दोन पेटारे आहेत, त्यांचें कांहीं होतें का, नाहीं तर रद्दीवाल्यास सांगतों." उत्तर द्यावयास चार दिवस लागले तर पांचव्या दिवशीं पेटारे नसतात. म्हणून आमची सूचना अशी कीं, दप्तरांच्या पाहणीचा जो तक्ता आपण सर्व वापरतों त्यांत गांव, वतन व कागदांचे प्रकार यांच्या जोडीस आणखी एक रकाना घालावा: घरांतील पहिला पदवीधर, त्याचें कॉलेज, तेथें तो किती सालापर्यंत राहिला, आणि त्याच्या भावांपैकीं गांवीं कोण राहिला. या एका रकान्यावरून फांकलेल्या दप्तराचे तीनहि तुकडे जुळविण्याची दिशा मिळेल.

वणी, मारेगांव, झरी-जामणी या तालुक्यांतील ज्या घराण्यांचे पूर्वज मॉरिस, हिस्लॉप अथवा किंग एडवर्ड कॉलेजांत शिकले, त्यांच्या नागपूर, अमरावती व पुणें येथील वंशजांपैकीं ज्यांजवळ कांहीं रुमाल, पोथ्या किंवा वह्या असतील, मग त्या कितीहि क्षुल्लक दिसोत, त्यांनीं यादी करून मंडळास कळवावें. मूळ कागद पाठविण्याची आवश्यकता नाहीं. ते जेथें आहेत तेथेंच राहूं द्यावे, आम्ही येऊन पाहूं.